देवीच्या माळावरचा लिंब

सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा वसुलीसाठी दारोदार फिरावं लागेल, खताच्या पोत्यांवर नजर ठेवावी लागेल आणि दोन्ही कामांबद्दल सभासदांच्या शिव्या खाव्या लागतील, एवढी कल्पना मला होती. मेलेल्या माणसांचे नातेवाईक शोधत गावोगाव हिंडावं लागेल, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. ते काम मी जवळजवळ वर्षभर केलं आणि खरं सांगायचं तर वसुलीपेक्षा ते बरं होतं. मेलेल्यांबद्दल विचारलं की लोक निदान बसा म्हणत.

मी कळंबकडचा. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि देव्हाऱ्याच्या फळीवर माझी पुस्तकं ठेवली. त्यामुळे देवी, भूत, उतारा, अंगात येणं असल्या गोष्टींबाबत माझं मत लहानपणीच पक्कं झालं होतं आणि विचारलं नाही तरी ते मी बोलून दाखवत असे. मेलेल्यांची मला भीती नव्हती. भीती वाटायची ती थकबाकीदारांची.

नेमणुकीचं गाव येरमाळ्याच्या फाट्यावरून आत, कच्च्या रस्त्यावर होतं. बहात्तरचा दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती, पण लोक अजून वय सांगताना सुद्धा 'दुष्काळाच्या आधी' आणि 'दुष्काळाच्या नंतर' असंच सांगत. त्या दिवसांत सोसायट्यांना गोदाम बांधायला सरकारी अनुदान मिळत होतं. आमचे चेअरमन पाटलाच्या घरातले, चाळिशीचे, धिप्पाड, सभेत टेबलावर मूठ आपटून बोलणारे गृहस्थ. शेजारच्या गावाला गोदाम झालं आणि आपल्याला नाही, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. जागाही त्यांनी हेरून ठेवली होती. गावाच्या मागच्या अंगाला, रस्त्याला लागून, कडक मुरमाचा माळ होता. पाया फार खोल घ्यावा लागणार नव्हता. माळावर एक मोठा कडूलिंब होता, आमच्याकडं त्याला नुसतं लिंब म्हणतात, आणि बाकी सगळं उघडं बोडकं.

अडचण एकच होती. ते जुनं पुरण्याचं ठिकाण होतं. त्याला देवीचा माळ म्हणत, पण देवीचं देऊळ तिथं नव्हतं. ही देवी म्हणजे अंगावर फोड येतात ती.

गावातल्या म्हाताऱ्यांनी मला त्याची रीत समजावून सांगितली. देवी आल्या की तो आजार धरत नसत, पाहुणी आली असं समजत. घरात फोडणी बंद, तळण बंद, मोठ्यानं बोलणं बंद. रोग्याला लिंबाच्या डहाळीनं वारा घालायचा. माणूस गेलं तरी गळा काढून रडायचं नाही, कारण त्यानं पाहुणीचा अपमान होतो. आणि अग्नी तर द्यायचाच नाही, कारण देवी अंगात असते, चटका तिला बसेल आणि ती साऱ्या गावावर उलटेल. म्हणून एरवी जाळणारे लोकसुद्धा देवीची माणसं पुरत. ज्यांची पुरण्याची जागा वेगळी होती, त्यांनाही प्रेत गावातून न्यायला मनाई होती. मागच्या मागं माळावर न्यायचं, खड्डा घ्यायचा, वर दगड रचायचे आणि रोग्याला वारा घातलेली ती डहाळी उशाशी रोवून मागं न बघता घरी यायचं. जायचं ते पुरुषांनीच. अशा रीतीनं जे गाव पाणवठ्यावर, देवळात किंवा पंगतीला कधी एकत्र आलं नाही, ते त्या माळावर शेजारी शेजारी निजलं होतं. कुणी ठरवून केलं नव्हतं. घाईत झालं होतं.

चेअरमन हुशार होते. निवडणूक तोंडावर असताना 'आमच्या माणसांच्या हाडांवर गोदाम बांधलं' असं कुणी म्हणायला नको होतं. त्यांनी मला ऑफिसात बोलावून घेतलं.

"सेक्रेटरी, तुमी शिकल्यालं मानूस. त्या माळावर कुनाकुनाची मानसं हायत ते हुडकून काढा. घरोघर जा. हरकत न्हाय म्हनून अंगठं आना."

"आणि तुमच्या घरातलं कुणी आहे का तिथं?"

ते खिडकीबाहेर बघू लागले. "आमचं मागनं बगू. आदी बाकीच्यांचं आना."

त्यांच्या आवाजाला सारं गाव वचकून होतं. अपवाद त्यांच्या आईचा. माळावर त्यांची थोरली बहीण होती आणि आईशी हा विषय काढायची त्यांची छाती नव्हती. बाकी सगळे हो म्हणाले की मग आईला 'तुझ्या एकटीमुळं गावाचं गोदाम अडलंय' असं म्हणता येईल, हा त्यांचा हिशेब होता. मला तो कळला तेव्हा मी सरळ त्या बाईंकडंच गेलो. शेवटी जे ऐकायचं ते आधी ऐकलेलं बरं.

मी ओसरीच्या खालच्या पायरीवर बसलो. तिथंच बस असं कुणी सांगितलं नव्हतं आणि वर ये असंही कुणी म्हटलं नाही. बाई उंबऱ्याच्या आत बसून तूर निवडत होत्या. पासष्टीच्या असतील. त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

"माजी लेक हाय तितं. पाचाची व्हती. मोठी देवी आली व्हती त्या साली, निजामाच्या वक्ताला. ह्यो माजा पोरगा तवा अंगावर पीत व्हता. मला जाऊ दिलं न्हाय, रडू बी दिलं न्हाय. सासरा घीऊन गेला. दुसऱ्या दिशी म्या इचारलं, कुटं ठिवली? तर म्हनला, डहाळी रवलीया उशाला, तिथं. मंग पुढच्या साली लिंब फुटल्याला दिसला. तवापसनं मला जागा ठावं हाय."

"म्हणजे तो लिंब..."

"तिचाच त्यो. दुसऱ्या कुनाचा आसनार?"

येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, सारं गाव रानात आंबील आणि भज्जी घेऊन जातं. बाईंचा पहिला घास त्या लिंबाखाली ठेवला जाई, मग त्या रानाकडं वळत. बहात्तर साली विहिरी तळाला गेल्या, टँकरच्या पाण्यासाठी डोकी फुटली, तेव्हाही त्या आपल्या वाट्याचं पाणी वाचवून तांब्याभर त्या झाडाला घालत. चेअरमननी ही गोष्ट मला तक्रारीच्या सुरात सांगितली होती. लिंब दुष्काळात मरत नाही, त्याची मुळं फार खाली जातात, हे मला माहीत होतं. पण बाईंसमोर ते बोलावंसं वाटलं नाही. बाईंचं म्हणणं एवढंच होतं की माळ घ्या, काय बांधायचं ते बांधा, पण लिंबाला हात लावू नका.

नेमका लिंबच आड येत होता. ट्रक वळायचे तिथं, पोती उतरवायचा ओटा तिथं. माळाच्या पलीकडच्या अर्ध्या भागात घळ होती.

मग मी बाकीच्यांच्या मागं लागलो. हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं, कारण माळावर आता खुणाच राहिल्या नव्हत्या. एकेका खड्ड्यावर रचलेले दगडांचे ढीग बहात्तरपर्यंत होते. दुष्काळी कामावर खडी फोडायला बाहेरगावची टोळी आली, तिला समोर आयते दगड दिसले. त्या दगडांची खडी झाली आणि ती येरमाळ्याच्या रस्त्यावर पडली. ज्या बसनं मी जात येत होतो, ती त्यावरूनच जात होती. घरंही हलली होती. कुणी बार्शीला गिरणीत, कुणी पुण्याला बांधकामावर. एक माणूस दुसऱ्याचा पत्ता सांगे, तो तिसऱ्याचा.

येडशीला रेल्वेत गँगमन असलेला एक गृहस्थ त्यात सापडला. आमच्याच समाजातला. पन्नाशीला टेकलेला, बोलायला फटकळ. स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात आम्ही चहा घेतला. मी कामाचं सांगितलं तर तो आधी माझ्यावरच घसरला.

"शिकून सवरून तुमी त्या पाटलाची पोती राखता व्हय?"

"पोती सगळ्या सभासदांची आहेत," मी म्हणालो.

"आसत्याल. आमच्या गल्लीतलं सभासद किती हायत ते सांगा."

मी विषय बदलला. त्याचा धाकटा भाऊ देवीत गेला होता, त्याच साली. त्यांच्या वस्तीची पुरण्याची जागा ओढ्याकडं होती, पण तिकडं जायला वाट गावातून जाते म्हणून माळावरच न्यावा लागला. बाप आणि चुलता घेऊन गेले.

"दुष्काळात त्या टोळीच्या हाताखाली माजा चुलताच खडी फोडायला व्हता," तो म्हणाला. "त्याला ठावं व्हतं की दगडं कशावरची हायत. पन पोटाम्होरं काय? आन् ढिगात आपल्या पोराचा दगूड कंचा, हे कुनाला वळखू येतंय? एक बरं हाय. लिंब हाय अजून."

"लिंब?"

"भावाच्या उशाची डहाळी फुटली की. आई मरस्तवर सांगायची."

मी चहाचा घोट घेत होतो. मला हसू आलं आणि ते दाबताना चहा नाकात गेला. मग मी जरा तोऱ्यात म्हणालो, "आपण तर देवी-बिवी सगळं सोडलंय ना छप्पन साली?"

त्यानं माझ्याकडं शांतपणे बघितलं. "देवी सोडली, सायेब. भाऊ कसा सोडावा?"

मी चहाचे पैसे देऊन उठलो.

पुढं आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या बाजारात किराणा दुकान असलेले एक लिंगायत वाणी भेटले. त्यांची आत्या माळावर होती. त्यांच्यात बसवून पुरायचा रिवाज, तोही त्या घाईत पाळता आला नव्हता, याची त्यांच्या घरात अजून खंत होती. पण निदान लिंब आहे, असं ते म्हणाले. आत्याच्या डहाळीचा. नंतर एक शिंप्याचं घर, एक तांबोळ्याचं, एक धनगराचं. प्रत्येक घरात चहा, प्रत्येक घरात ती मोठी देवी, दबलेलं रडणं, आणि शेवटी तोच लिंब. सगळ्यांची डहाळी फुटलेली. हरकत कुणाचीच नव्हती, फक्त लिंब तेवढा राखा.

मी चक्रावलो. पहिल्यांदा मला ही सगळी माणसं खोटं बोलताहेत असं वाटलं, पण खोटं बोलून त्यांना मिळणार काय होतं? मग राग आला. इतक्या सगळ्या लोकांनी मिळून इतका मोठा अडाणीपणा करावा? कडूलिंबाची डहाळी रोवून झाड झालेलं मी तरी पाहिलं नव्हतं. ते निंबोळीतून येतं. ही सगळी जन्मभर मातीत वावरलेली माणसं. दुसऱ्याच्या झाडाबद्दल विचारलं असतं तर त्यांनीच मला हे शिकवलं असतं. आपल्या झाडाबाबत मात्र ते ज्ञान कुणी वापरलं नव्हतं.

हे सगळं मी चेअरमनना सांगितलं. वाटलं होतं चिडतील. ते खूश झाले. मांडीवर थाप मारून म्हणाले, "ह्ये बेस झालं. समद्यांचा म्हंजी कुनाचाच न्हाय."

सहकारी संस्थेच्या चेअरमनच्या तोंडी हे वाक्य मला जरा विचित्र वाटलं, पण मी पडलो नोकर माणूस. त्यांनी एका रविवारी सगळ्यांना माळावर बोलवायला सांगितलं. समोरासमोर होऊ द्या, म्हणाले. आईलाही आणायचं त्यांनी कबूल केलं. एकमेकांच्या तोंडावर सगळ्यांचे दावे आले की आपोआप पडतील आणि आपल्याला आईशी भांडावं लागणार नाही, अशी त्यांची अटकळ होती.

रविवारी सकाळी माळावर चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या. गवंडी दोरी आणि खुंट्या घेऊन आलेला. एक रेघ लिंबाच्या बुंध्याला खेटून गेली होती. बाई झाडाखाली बसल्या होत्या. येडशीचा गँगमन खाकी कपड्यांत, लांब उभा. वाणी छत्री टेकून. बाकीची मंडळी घोळक्यानं. चेअरमननी एकेकाला बोलायला लावलं आणि एकेकजण आपला लिंब सांगत गेला. पहिल्या दोघांपर्यंत लोक ऐकत होते. तिसऱ्याच्या वेळी कुणीतरी "आँ?" केलं. मग आवाज चढले. वाणी म्हणाले, आमच्या आत्याचं झाड आहे, तुम्ही म्हणता म्हणून काय ते तुमचं होतं का? गँगमन म्हणाला, आमच्या पोरांचं मरण बी तुमाला पायजे का आता? बाई ज्याचं बोलणं चालू असेल त्याच्या तोंडाकडं बघत होत्या, एवढंच.

चेअरमननी हात वर केला.

"समदी शेतकरी मानसं हाव आपन. मला येक सांगा. लिंबाची डहाळी रवून झाड झाल्यालं हितं कुनी बगितलंय?"

दोन-तीन माना नकारार्थी हलल्या.

"कुन्या कावळ्यानं निंबोळी टाकली आसंल. त्ये झाड कुनाच्या बी उशाचं न्हाय."

कित्येक महिने हेच मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. त्यांच्या तोंडून ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण बाईंचा चेहरा समोर होता आणि मला वाईट वाटलं, सरळ वाईट वाटलं. त्यांनी आधी झाडाकडं बघितलं, मग फिरून साऱ्या माळाकडं. एवढी वर्षं त्यांना एक जागा माहीत होती. नवरा गेला, सासरा गेला, सून आली, तरी ती जागा हललेली नव्हती. मुलानं ती एका वाक्यात काढून घेतली होती आणि काढून घेताना आपण काय करतोय हे त्याला कळलंसुद्धा नव्हतं.

"म्हंजी ती कुटं बी आसंल," बाई म्हणाल्या.

मग त्या गँगमनकडं वळल्या.

"तुजा भाऊ केवढा व्हता रं?"

तो अजून रागातच होता. "तीन वर्साचा."

"रडायचा का?"

त्याला प्रश्न कळला नसावा. तरी म्हणाला, "आई म्हनायची, लई रडका व्हता. कुनापशी ऱ्हायाचा न्हाय."

"आसू दे," बाई म्हणाल्या. "माजी पाचाची व्हती. तिला सवय व्हती रडक्या पोरांची." त्यांनी हनुवटीनं चेअरमनकडं दाखवलं. "ह्यो तवा दिसभर किरकिर करायचा. म्या रानात जायची. तिनंच ह्याला कडंवर घीऊन हिंडवला. तुज्या भावाला बी तिनं एकला सोडला नसंल."

जिवंतपणी त्या पोरीनं त्या पोराला उचललं असतं, तर घरात घेण्याआधी तिला अंगणातच आंघोळ घातली असती. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, बाईंनाही. गँगमननं डोक्यावरची टोपी काढली आणि ती हातात धरून तो उगाच तिची कड चाचपत राहिला.

चेअरमन आईकडं बघत होते. "ह्ये मला कदी सांगितलं न्हाईस," ते म्हणाले. त्यांचा आवाज सभेतला नव्हता.

"तू इचारलंस कदी?"

गवंड्याला उन्हाची घाई होती. त्यानं दोरी उचलून विचारलं, "मालक, मंग खुंट्या कुटं ठोकू?"

चेअरमननी माळाकडं नजर फिरवली. ज्यांवर आम्ही सगळे सकाळपासून उभे होतो, फिरत होतो, भांडत होतो, त्या रेघांकडं बघितलं.

"खुंट्याचं मागनं बगू," ते म्हणाले. "आदी समद्यांनी पायतानं काढा."

त्यांनी स्वतःची आधी काढली. मग वाण्यांनी, मग गवंड्यानं, मग बाकीच्यांनी. माझ्या पायांत बूट होते. खाली वाकून नाड्या सोडायला मला वेळ लागला, तोवर सगळे थांबले.